परीक्षेची सावड

आमच्याकडे कापणी आणि परीक्षा एकदमच येतात. ज्या आठवड्यात उत्रोलीची खाचरं पिवळी होतात, त्याच आठवड्यात कॉलेजच्या फलकावर वेळापत्रक लागतं. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी कधी उभं भात पाहिलेलं नसावं, आणि भाताला तर वेळापत्रक वाचता येत नाहीच. काल त्या रस्त्याने परत येताना रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी कापलेल्या इंद्रायणीचा वास येत होता. त्या वासाला थोडी ओल असते, थोडं ऊन असतं आणि तळाशी काहीतरी गोड. तुमच्या आजोबांना तो वास आला की भूक लागायची. मला मात्र तीस वर्षं तो वास आला की पर्यवेक्षणाच्या पाळ्या आठवतात.

ईरा, तू परवा फोनवर विचारलंस, की तुमच्या विद्यापीठात वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी एक मोठं कार्यालय आहे, तसं भोरला काही असतं का? मी नुसतं "असतं" म्हटलं आणि तुझी बस आली. नील तर हसलाच. तेव्हा हे तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहिते आहे. सवडीने वाचा, जेवताना वाचू नका.

असतं म्हणजे एक खोली आहे, जिन्याखाली. दारावर 'समान संधी कक्ष' अशी पाटी आहे. निवृत्त झाल्यावर प्राचार्यांनी मला आठवड्यातून दोन दिवस तिथे बसाल का म्हणून विचारलं. मी पहिल्याच दिवशी कपाट पुसलं, फायलींना रंगीत पट्ट्या लावल्या आणि दारामागे एक तक्ता टांगला. बाहेर एक उतार बांधलेला आहे, चाकाच्या खुर्चीसाठी. तो इतका उभा झाला की खुर्ची त्यावर चढू शकत नाही. त्यावर पोरं सायकली चढवण्याची पैज लावतात. तो पाडून नीट बांधा, असं मी पाच वेळा लिहून दिलं आहे. सहावं पत्र तयार आहे.

पण खोलीत बसलं की दिसतं, की या छोट्या आवारात किती गावं येऊन मिळतात. भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडच्या मुली होडीने येतात, त्यांच्या सलवारीच्या कडा दहा वाजेपर्यंत ओल्या असतात. वेल्ह्याकडची मुलं पहाटेच्या एसटीने येतात आणि पहिल्या तासाला पेंगतात. वरच्या वस्त्यांवरच्या, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरांतल्या मुली वसतिगृहात राहतात. सोमवारी त्या घरून येतात तेव्हा खोलीभर धुराचा आणि दुधाचा वास असतो, आणि शहरातल्या मुली खिडक्या उघडतात. कुणी काही बोलत नाही. खिडकी उघडणं हेही बोलणंच असतं.

हे मला उशिरा कळायला लागलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगा उभा राहून कविता वाचत होता. त्याच्या उच्चारांना वर्ग हसला, आणि मीही हसले. वाईट हेतू नव्हता, हसू आलं इतकंच. तो दिवाळीनंतर परत आला नाही. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल रेघ मारली, अगदी सरळ, पट्टी धरून. ती रेघ मला अजून दिसते.

आता संगीताचं सांगते.

संगीता उत्रोलीची. तिला जन्मापासून दिसत नाही. इतिहास घेऊन बी.ए. करत होती. तिची पुस्तकं मी घरी मोठ्याने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करून द्यायची. दुपारी चार ते पाच, दारं-खिडक्या लावून. तरी काही ना काही आत यायचंच. एकदा ती म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या प्रकरणात तुमचा कुकर चारदा वाजलाय. आन पाचव्यात भाजीवाला आला तवा तुमी मराठ्यांचा इतिहास सोडून मेथी घेतली."

"पुसून पुन्हा वाचते."

"नगं नगं! मला मेथीमुळंच तह ध्यानात ऱ्हातोय."

तिचं पाठांतर नव्हतं, समज होती. एखाद्या राजाने एखादा किल्ला का सोडला, हे ती अशी सांगायची जणू काल घरात झालेलं भांडण सांगते आहे. अडचण एकच होती. उत्तर तिच्या डोक्यात, आणि कागदावर उतरायला दुसऱ्याचा हात हवा. परीक्षेत अशा मुलांना लेखनिक मिळतो. ती सांगतात, तो लिहितो. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, त्याचं नाव, फोटो, सही आठ दिवस आधी मंजूर व्हायला हवी. कागदावर हे फार सोपं दिसतं.

एका वर्षी याच दिवसांत तिची लेखनिक आलीच नाही. घरी भात काढायचं होतं, बापाने पाठवलं नाही. संगीता दोन तास जिन्याखालच्या त्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि बाहेर माझी पळापळ चालली होती. पेपर बुडाला. तिला न्यायला तिचे वडील आले होते, सगळे त्यांना तात्या म्हणतात. भाजीचा टेम्पो चालवतात, शेती करतात, फार बोलत नाहीत. ते मला म्हणाले, "बाई, शिकू नगं असं म्या कदी म्हनलो न्हाई. पन पोरगी आशी बसल्याली मला बगवत न्हाई. फुडल्या साली पुन्ना हेच झालं तर बास. घरी आनतो."

रागाने म्हणाले असते तर मी वाद घातला असता.

म्हणून पुढच्या वर्षी मी ऑगस्टपासूनच कामाला लागले. तक्त्यावर वेगळा रकाना आखला. सुवाच्य अक्षराच्या चार मुली निवडल्या आणि एकेक संगीताबरोबर बसवली. तिघींना तिने दुसऱ्या दिवशी नको म्हटलं. मला जरा रागच आला. एवढी चांगली अक्षरं!

"अक्षराचं मला काय, मॅडम? मला दिसतंय व्हय? त्या माजं वाक्य माज्या आदी पुरं करत्यात. म्या 'म्हणून' म्हनलं की त्यांचा पेन फुडं पळतोय. मला ऐकाया येतंय की."

चौथी सोनाली. वेल्ह्याकडच्या पालीच्या वरच्या अंगाला, गडाच्या पोटाशी तिची वस्ती. घरी शेळ्या, चार म्हशी आणि उतारावर भाताची दोन-तीन खाचरं. बाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर खाली जातो, घर आई सांभाळते. सोनाली पहिल्या वर्षाला होती, त्या वर्गाचे पेपर उशिरा असतात. वर्गात तिचा आवाज हजेरीखेरीज कुणी ऐकलेला नव्हता. पण तिला थांबता येत होतं. संगीता विचार करत गप्प राहिली की ही पेन उचलून तितकीच गप्प. शेळ्यांमागे दिवस काढणाऱ्याला वाट बघणं अवघड जात नसावं.

लिंबाखालच्या कट्ट्यावर दोघींचा सराव चालायचा. मी खिडकीतून ऐकायची.

"लिवलंस का?"

"लिवते की. दम धर. तुजा राजा काय पळून चाललाय?"

"पळूनच चाललाय. तेच तर सांगत्ये."

"मग पळू दे त्याला, म्या स्वल्पविराम देते."

आणि दोघी हसत सुटायच्या. सप्टेंबरात ऐकलं तर सोनाली तिच्याशी वाद घालत होती, की एवढ्या पावसात घाटातून फौज जाणार कशी, तू कधी गेलीयेस का? हा प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला असता तर मी पेढे वाटले असते.

तुम्हाला हे सगळं सांगताना मला खिडकीतून आमच्या गल्लीत वाळत घातलेलं भात दिसतंय. शेजारची म्हातारी चिमण्या हाकते आहे. तेव्हाही असंच ऊन होतं, तिरकं आणि पांढरं. गुरुवारी पहिला पेपर. त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी सोनाली दारात आली, पाठीला पिशवी.

"मॅडम, आय बांधावरनं घसरली. हात मोडलाय. बा मेंढरं घेऊन खाली गेलाय. भात पिकून आडवं व्हायला लागलंय, डुकरं येत्यात. मला आठ दिस तरी जावं लागंल."

मी आधी वेळापत्रकाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. क्रम उलटा हवा होता.

दुसरी लेखनिक मंजूर करून घ्यायला वेळ नव्हता. तिला वर्ग सुटेपर्यंत थांब म्हटलं आणि तिच्या आईला, धोंडाबाईंना, फोन लावला. त्यांच्यामागे शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. मी माझ्या स्वच्छ, मुद्देसूद पद्धतीने सांगितलं, की सोनालीची इथे गरज आहे, कापणीला मी दोन मजूर पाठवते, त्यांचं सगळं मी बघेन, तुम्ही काही काळजी करू नका.



"बाई, तुमी आजारी पडला तर शेजारीन पोळ्या लाटाया येती, का तुमी मानूस लावता?"

"शेजारीण येते."

"मग मला का मजूर? डोंगरात मजूर येत न्हाईत, आन आलं तरी मोडक्या हातानं म्या त्यांच्या मागं फिरू? लोकं म्हनतील, पोर कालिजात गेली आन आयला मजूर लावून दिलं. तुमचं मन चांगलं हाय, म्या जानते. पन न्हाई. पोर धाडा."

फोन ठेवल्यावर मला लाज वाटली आणि थोडा रागही आला, दोन्ही खरं सांगते. आपण चांगलं करायला जातो आणि समोरचा दार लावून घेतो, तेव्हा आधी त्याचाच दोष दिसतो. सोनाली दुपारच्या एसटीने गेली.

सोमवारी माझ्या खोलीत संगीताच्या आई आल्या, शेवंताताई. डोक्यावर पदर, पायाला चिखल, थेट खाचरातून आलेल्या. पोरीने सगळं सांगितलं होतं.

"बाई, तुमी मजूर म्हनालात व्हय त्यांला?" आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "शिकल्याली मान्सं बगा! आवो, सावड करायची."

सावड तुम्हाला माहीत नसणार. तुमच्या आईलाही बहुधा आठवत नसेल. आज माझ्या शेतात तू ये, उद्या तुझ्या शेतात मी येते. त्यात मालक नाही, मजूर नाही. जेवण ज्याचं शेत त्याचं. असं गावच्या गाव एकमेकांचं भात काढतं. पण सावड होते भावकीत, फार तर शेजारच्या आळीत. वरच्या वस्त्यांशी खालच्या गावांचे संबंध जुने आहेत. मेंढरं रानात बसवायची, खत घ्यायचं, दूध-तूप घ्यायचं, सणाला घरी येऊन बसायचं. सावड मात्र त्यांच्यात त्यांची आणि आपल्यात आपली. कुणी तसा नियम केलेला नाही. खिडक्यांचाही कुणी केला नव्हता.

"त्यांच्या पोरीचा हात आट दिस माज्या पोरीला पायजे," शेवंताताई म्हणाल्या. "मग माजा हात त्यांला. सरळ हाय."

"आणि तुमचं भात? तात्या काय म्हणाले?"

"काय म्हननार? म्हनले, आपलं उभं हाय आन तू डोंगरात चालली. म्या म्हनलं, आपलं दोन दिस उभं ऱ्हाईल, पोरगी बसल्याली ऱ्हाईल त्याचं काय?"

मंगळवारी आम्ही निघालो. शेवंताताई, त्यांची जाऊ आणि मी. तात्यांनी टेम्पो काढला. नसरापूरवरून वळसा, मग मार्गासनी, मग पाली. मी बरोबर छत्री, थर्मास, मलमपट्टीची पेटी आणि हातमोजे घेतले होते. हातमोज्यांवरून जावेने रस्ताभर माझी फिरकी घेतली. पालीत तात्यांना टेम्पोपाशी ठेवून पुढे तासभर चढ. गड इतका जवळ, की मान मागे टाकल्याशिवाय माथा दिसत नव्हता. कारवीच्या काड्या, वाळलेलं गवत, मध्येच पाण्याचा बारीक आवाज.

धोंडाबाई दारात उभ्या होत्या, गळ्यात बांधलेला हात. अनोळखी बायका विळे घेऊन येताना पाहून त्या आधी गोंधळल्या. शेवंताताईंनी ओळख वगैरे काही केली नाही. पदर खोचला आणि म्हणाल्या, "वैनी, म्या संगीची आय. सावडीला आलोय. कुटनं धरायचं?"

धोंडाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग मोडका नसलेला हात वर करून म्हणाल्या, "खालच्या कोपऱ्यापासनं. वरचं अजून वलं हाय."

झालं. मी जे शनिवारी दहा मिनिटं बोलून साधू शकले नव्हते, ते एवढ्यात झालं. तिथल्या बांधावर उभी राहून मी विचार करत राहिले, की मी नेमकं कुठे चुकले. मी मदत देत होते. मदत करणारा बांधावर उभा असतो. सावडीत दोघांचेही पाय चिखलात असतात, आणि उद्या कुणाची पाळी हे दोघांनाही ठाऊक असतं.

मग मीही विळा मागितला. चार मुठी कापल्या असतील, तेवढ्यात धोंडाबाई ओरडल्या, "बाई, विळा खडूवानी धरलाय तुमी! भात काय फळा हाय?" सगळ्या पोट धरून हसल्या, सोनाली सगळ्यात मोठ्याने. मला पेंढ्या वाहायच्या कामाला लावलं. दुपारी शेळीच्या दुधाचा चहा आणि नाचणीची भाकरी. तो चहा मला आवडला नाही, आणि मी दोनदा घेतला.

संध्याकाळच्या आत सोनाली माझ्याबरोबर खाली उतरली. दोघी जावा दोन दिवस वरच राहिल्या.

परीक्षेचे दिवस मला आवाजांनीच आठवतात. जिन्याखालच्या खोलीचं दार बंद, आत पर्यवेक्षक आणि त्या दोघी. बाहेर मी, कारण नसताना. संगीताचा आवाज शब्द न कळता ऐकू यायचा, वाहत्या पाण्यासारखा. मध्येच थांबायचा. त्या थांबण्यात मला वाटायचं, आता ती म्हणेल की झालं, आठवत नाही. पण आत कुणी तिचं वाक्य पुरं करत नव्हतं. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

शेवटच्या पेपरच्या दिवशी धोंडाबाई भोरला हात दाखवायला आल्या होत्या, आणि तिथून पोरीला न्यायला कॉलेजात. फाटकाशी मी त्यांना पाहिलं. त्यांनी चपला काढून कडेला ठेवल्या आणि अनवाणी आत आल्या, देवळात यावं तशा. तीस वर्षं मी या आवारात काढली, पण इथल्या कुठल्या मुलीच्या आईला मी आत बोलावून इमारत दाखवलेली नव्हती.

तेवढ्यात दोघी पेपर देऊन बाहेर आल्या. सोनाली म्हणाली, "आय आली." संगीता आवाजाच्या दिशेने वळली आणि पायांचा आवाज ऐकून थबकली.

"मावशी, चपला कुठं हाईत?"

"भाईर काढल्या, बाय."

"घाला आदी. हितं लई खडे हाईत, माजे पाय फोडलेत त्यांनी." सोनाली पळत जाऊन चपला घेऊन आली. मग संगीताने हात पुढे केला. "चला, दावते तुमाला कालिज."

आणि तिने दाखवलं. मी मागून चालत होते. "हितं तीन पायऱ्या हाईत, तिसरी उंच हाय, दमानं. ही खोली, हितं बसून सोनी लिवती. ह्या खिडकीतनं दुपारचं ऊन येतंय, मंग सोनी सरकती. ह्यो उतार, ह्याच्यावर जाऊ नगा, पडाल." वर ग्रंथालयात नेऊन तिने त्यांचा चांगला हात कपाटांवरून फिरवला. "ही सगळी पुस्तकं. यातली नऊ मॅडमनी वाचल्याली हाईत, कुकरसकट." धोंडाबाई एका पुस्तकाच्या पाठीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. "सोनी, तू हे वाचतीस?" सोनालीने मान हलवली. "मग आनत जा की घरी. शेळ्यामागं बसून वाच."

जिना उतरताना धोंडाबाईंना एका हाताने कठडा धरता येत होता, दुसरा गळ्यात. उंच पायरीशी त्या अडखळल्या. संगीताने दंड घट्ट धरून त्यांना खाली आणलं, पायरी मोजत, "आता एकच, आली, झालं."

खाली लिंबाशी तात्या टेम्पोला टेकून उभे होते. कधीपासून, मला माहीत नाही. आपल्या मुलीला एका बाईला हात धरून जिना उतरवताना ते पाहत होते. त्यांनी टोपी काढली, उगीचच झटकली, पुन्हा घातली.

"वैनी, तुमी फुडं बसा," ते धोंडाबाईंना म्हणाले. "एसटी स्टँडला सोडतो. शनवारी आमच्यात भाताची झोडणी हाय. सोनीला धाडा. तुमीबी या, बसून ऱ्हावा, तुमच्या नुस्त्या वरडन्यानं काम उरकतंय म्हनं."

"कोन म्हनलं?"

"घरात दुसरं बोलनंच न्हाई चार दिस."

पोरी मागे चढल्या. तात्यांनी मागचा फळका लावला, कडी घातली आणि तिथेच उभे राहिले.

"संगे, फुडलं पेपर कवा?"

"एप्रिलात."

"एप्रिलात रान मोकळं आसतंय," तात्या म्हणाले, आणि टेम्पो सुरू करायला गेले.